पांढऱ्या सदऱ्याची चाचणी

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज कामाला जायचं नव्हतं. तरी सवयीने डबा भरला, चप्पल घातली आणि अर्धा जिना उतरल्यावर आठवलं. परत वर आले तर राखी पोट धरून हसत होती. धाकट्या बहिणींना घरात दुसरं काम नसतं.

सहा वर्षं मी अल्बमच्या लॅबमध्ये दुसऱ्यांनी काढलेली लग्नं पानांवर बसवली. नवरा डावीकडे, नवरी उजवीकडे, मधे गुलाबांची कमान. आता स्वतः काढणार, संघर्षबरोबर. त्याच्या वडिलांचा, भिमाजीकाकांचा, देवळाली कॅम्पात छोटा स्टुडिओ आहे. जवानांचे पासपोर्ट फोटो काढता काढता संघर्ष लग्नं काढायला लागला आणि त्याचे अल्बम माझ्या टेबलावर यायला लागले. एकदा मी फोन करून त्याला झापलं होतं, की एवढं छान लग्न आणि अर्धे फोटो खालून का काढलेस? तो म्हणाला, मॅडम, खुर्ची मागितली होती, तिच्यावर नवरीची मावशी बसली. तेव्हापासून आम्ही भांडतोय.

दोघांना दोन कॅमेरे घ्यायचेत आणि ते एकसारखेच हवेत. एका लग्नात दोन कंपन्यांचे कॅमेरे असले की नवरी एका फोटोत गव्हाळ आणि दुसऱ्यात हिरवट दिसते. जमवलेलं सगळं यातच जाणार, आणि एकदा बॉडी घेतली की लेन्सही त्याच घराण्याच्या घ्याव्या लागतात. मागे फिरायची सोय नाही. निवडायचं काम माझ्याकडे आलंय. "तू वाचतेस ना एवढं, मग तूच ठरव," संघर्ष म्हणाला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

चार दिवस रिव्ह्यू बघतेय. डोकं भणभणलं.

एका कंपनीत आकडा जितका लहान तितका कॅमेरा थोर. दुसऱ्या कंपनीत बरोबर उलटं. तिसरीने आकड्यांपुढे मार्क लावलेत, आणि मार्क तीन आला म्हणून मार्क दोन जुना झाला असं नाही, तो म्हणे "अजूनही पुरेसा" आहे. दोन वेगळ्या नावांच्या कॅमेऱ्यांत सेन्सर एकच, आणि एकाच नावाच्या कॅमेऱ्यात गेल्या साली एक सेन्सर होता, यंदा दुसरा. टोपीवाला माणूस म्हणतो हा घेऊ नका, फसाल. दाढीवाला म्हणतो हा नाही घेतला तर पस्तावाल. मग कळतं की दोघं दोन वेगळ्याच कॅमेऱ्यांबद्दल बोलत होते आणि मी मधेच झोपले होते.

संघर्षची अट एकच. कार्डाचे दोन खण हवेत, म्हणजे काढलेला फोटो एकदम दोन्ही कार्डांवर उतरतो. "एक कार्ड मेलं तरी लग्न वाचतं. लग्न परत लागत नाही, अंजू." बाकी सेन्सर वगैरे म्हटलं की तो खिडकीतून बाहेर बघतो.

रविवार, १० नोव्हेंबर

सगळ्या रिव्ह्यूंमध्ये एक मुलगी असते. सोनेरी केस, मागे तळं, तळ्यावर धुकं. ती कॅमेऱ्याकडे बघते आणि रिव्ह्यूवाला सांगतो, बघा, त्वचेचा रंग किती खरा आलाय! मी आज दुपारभर त्या तळ्याकाठी होते. थंडीत कुडकुडत, तिच्या पापण्या मोजत. आईने जेवायला हाक मारली तेव्हा नाशिकच्या उपनगर भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात परत यायला मला थोडा वेळ लागला.

पण ती मुलगी माझ्या काय कामाची? आमच्यातली लग्नं पांढऱ्यात लागतात. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, भर दुपारी, मंडपाच्या फटीतून उन्हाची तिरीप नेमकी पदरावर. लॅबमध्ये असे फोटो उघडले की दोन गोष्टींपैकी एक ठरलेली. साडी जळून नुसता पांढरा डाग, नाहीतर साडीची घडी न् घडी दिसतेय आणि नवरीचा चेहरा काळाठिक्कर. मग मालक म्हणायचे, उजळव. मी उजळवायचे. सहा वर्षं मी चांगल्या सावळ्या पोरींना राखाडी करून त्यांच्या घरी पाठवलं. एकीची आई अल्बम न्यायला आली होती. पान उलटून म्हणाली, "आमची हीच का?" ते अजून माझ्या कानात आहे.

मला असा कॅमेरा हवाय ज्यात साडीही दिसेल आणि पोरगीही तिच्या रंगात दिसेल. एवढं मिळालं तर बाकी काही नको. आणि हे एकही रिव्ह्यू सांगत नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पहाटे स्वप्न पडलं. मी घोटीला, आईच्या माहेरी, भाताच्या बांधावर उभी. खाचरांत पाण्याऐवजी उजेड भरत होता. सगळीकडून हळूहळू येत होता आणि एकेक खाचर काठोकाठ भरून पुढच्यात सांडत होता. मला स्वप्नातही कळत होतं की हा सेन्सर आहे, आणि खाचर मोठं तर उजेड जास्त मावतो, म्हणून मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम घ्यावा. मधल्या खाचरात संघर्ष पँट दुमडून उभा होता. गुडघ्यापर्यंत उजेडात. मी ओरडले, "बाजूला हो, मोजायचंय!" तो म्हणाला, "मोज की, मी कुठे अडवलंय." आणि तिथेच उभा राहिला.

उठल्यावर त्याला फोन करून फुल फ्रेमचं सांगितलं. स्वप्नातलं सांगितलं नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दोन बातम्या, दोन्ही नकोशा.

पहिली: संघर्षला उदयपूरच्या एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलंय. तिथे वर्षभर लग्नं असतात, राहायची सोय, कॅमेरेही त्यांचेच. डिसेंबरच्या मध्याला हो-नाही कळवायचंय. कॅम्पातल्या झाडांखाली, बेकरीच्या बाकावर बसून त्याने हे सांगितलं, चहात खारी बुडवत, जसं काही दुसऱ्याच कोणाचं सांगतोय. मी म्हटलं, "मग जाणार?" तो म्हणाला, "कॅमेरा ठरला तर नाही जाणार." म्हणजे सगळं माझ्यावर! मी लवकर ठरवलं पाहिजे. तो गेला तर मी एकटी लग्न कसं काढू, एका बाजूने?

दुसरी: आईने स्थळ आणलंय. मुलगा पाटबंधारे खात्यात क्लार्क. आईकडे आता तीन स्थळांची माहिती मोबाइलमध्ये आहे आणि ती उंची, शिक्षण, स्वतःचं घर अशी तुलना करत बसते. मी म्हटलं, "आई, कागदावरच्या आकड्यांवरून माणूस कळतो का?" ती माझ्या लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "नाय बाई. मला कसं कळल."

रविवार, २४ नोव्हेंबर

चाचणी झाली!

दोन कॅमेऱ्यांवर येऊन ठेपले होते. दोन्ही कॉलेज रोडच्या दुकानातून एका दिवसाच्या भाड्याने आणले. नावं एवढी सारखी की मी त्यांच्यावर चिकटपट्ट्याच लावल्या, एकाला निळी, एकाला पांढरी. दोन कार्डांवरही तशाच टिकल्या. निळं कार्ड निळ्या बॉडीत, पांढरं पांढऱ्या. ट्रायपॉड एका जागी, माणूस एका जागी, बॉडी तेवढ्या बदलायच्या. म्हणजे दोन फोटोंत फरक दिसला तर तो फक्त सेन्सरचा.

माणूस अर्थातच संघर्ष. पांढरा सदरा घालून ये म्हटलं होतं. तो इस्त्री करून घालून आला, दाढीही करून आला. मी म्हटलं, दाढी ठेवायचीस, बारकावे तपासता आले असते. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ स्टुलावर बसवला, मागे आईची पांढरी साडी वाळत टाकलेली. पांढऱ्यावर पांढरं आणि मधे सावळा चेहरा. जगातल्या कुठल्या रिव्ह्यूवाल्याला हे सुचलंय?

मी ट्रायपॉडशी झटत होते म्हणून कार्डं संघर्षनेच घातली आणि शेवटी काढलीही त्यानेच. त्याचा हात लग्नांना सरावलेला, बोलता बोलता खट खट दारं उघडून मिटतो, बघावंही लागत नाही. कॅम्पाकडून तोफांचा सराव चालू होता. मी कठड्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. तोफ वाजली की पाणी थरथरायचं, ते निवळलं की मी बटण दाबायचे. दोन्ही कॅमेऱ्यांनी तसंच काढलं.

"हलू नकोस," मी म्हटलं, "आणि काहीतरी चांगलं आठव, म्हणजे चेहरा तोच राहील."

"काय आठवू?"

"काहीही. पण दोन्ही वेळेला तेच."

"तेच आहे," तो म्हणाला.

चार वाजताचं ऊन, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा वास, लांब कुठेतरी रेल्वेची शिट्टी. पेल्यातलं पाणी निवळायची वाट बघत आम्ही कितीतरी वेळ नुसते एकमेकांसमोर होतो, तो स्टुलावर, मी कॅमेऱ्यामागे. एवढी शांत दुपार बऱ्याच दिवसांत गेली नव्हती. काम चांगलं चाललं की असं होतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

निकाल आंधळा लावायचा, असं मी ठरवलंय. कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा हे मला आधी कळलं तर मन कलतं. म्हणून कार्डं राखीकडे दिली. ती बी.एस्सी. करते, तिला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच ती योग्य. तिने एका कार्डावरचा फोटो 'क' नावाने आणि दुसऱ्यावरचा 'ख' नावाने मला दिला. कुठला कुठला ते तिच्या पोटात. म्हणाली, "दोन्ही कार्डांवर नंबरपण सेम होते ताई, जोडी लावायला सोपं गेलं." योगायोग चांगला जुळला.

दुपारी दुकानवाल्यांचा फोन आला, की एका बॉडीत त्यांचंच कार्ड राहिलं होतं आणि त्यावर आमचे फोटो दिसतायत, ठेवू की उडवू? संघर्षने उगाच काहीतरी काढून पाहिलं असेल. म्हटलं, उडवा.

बुधवार, २७ नोव्हेंबर

डोळ्यांवर विश्वास बसत नाही. एवढा फरक!

सकाळी 'क' उघडला. चारशे टक्के मोठा केला. कानाच्या मागे सावलीत वाळूसारखे दाणे दिसले. कॉलरची शिवण ठीक, पण खांद्यावरच्या घडीत पांढरा जरा मेलेला. गालाचा रंग बरा म्हणावा इतपत. हनुवटीखाली करडी छटा. एकूण कॅमेरा वाईट नाही, पण जीव नाही. दहापैकी सहा.

मग दिवे गेले आणि लॅपटॉप संपत आला म्हणून थांबले. संध्याकाळी 'ख' उघडला. काय सांगू! सदऱ्याची घडी न् घडी आहे आणि पांढरा नुसता पांढरा नाही, उन्हातला पांढरा आहे. चेहरा संघर्षचा आहे, त्याच्याच रंगात. तो उजेडात नाही, उजेड त्याच्यात आहे. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात अगदी जरा, हसू येण्याच्या आधी येतं ते. आणि डोळे! तो कोणाकडे तरी बघतोय, आणि ज्याच्याकडे बघतोय ते त्याला फार आवडतंय, असं वाटतं. नवल म्हणजे समोर कोणीच नव्हतं, मी कॅमेऱ्यामागे होते.

'ख'ला मोठा करावंसं एकदाही वाटलं नाही. चांगल्या सेन्सरचा याहून मोठा पुरावा काय? राखीने दोनदा जेवायला हाक मारली म्हणे.

दहापैकी दहा. ठरलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आई धान्य निवडत बसली होती, तिला दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. साध्या माणसाच्या डोळ्याला काय दिसतं ते बघावं म्हणून.

"दोन्हीत त्योच हाय की," आई म्हणाली.

"अगं माणूस तोच गं. फरक बघ ना."

तिने चष्मा पुसून परत बघितलं. बराच वेळ बघितलं. "पोरगं बरं हाय," म्हणाली. मग विचारलं, "फोटू कोणी काढला?"

"मी."

"मंग बराबर," म्हणाली आणि परत धान्यात डोकं घातलं. राखी उगाच खोकली.

पाटबंधारेवाल्यांना आईने अजून काही कळवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, घाई काय.

रविवार, १ डिसेंबर

वाईट दिवस. मी त्याच्याशी परत बोलणार नाही.

आनंदाने कॅम्पात गेले होते. स्टुडिओत मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला, आधी 'क' दाखवला, मग 'ख'. काही न सांगता. म्हटलं, बोल. संघर्षने पुढे वाकून बघितलं, मागे रेलून बघितलं.

"मला तर सारखेच दिसतायत," म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. मी त्याला घडी दाखवली, हनुवटी दाखवली, डोळे दाखवले. "या फोटोत तू जिवंत आहेस आणि त्या फोटोत नाहीस, हे तुला दिसत नाही?"

"अंजू, दोन्हीत मी स्टुलावर बसलोय. दोन्हीत मला मुंगी चावत होती."

"तुला डोळेच नाहीत," मी म्हटलं. ज्याला माणसामाणसातला फरक दिसत नाही, त्याने लग्नं काढू नयेत. हेही म्हटलं. अजून बरंच म्हटलं.

त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "महिना झाला. रोज नवीन कॅमेरा, रोज नवीन रिव्ह्यू. तुला ठरवायचंच नाहीये. आधी मला वाटलं तुला भीती वाटते. मग वाटलं, तुला माझ्याबरोबर करायचं नाही आणि तोंडावर सांगता येत नाही."

"मी ठरवलंय! 'ख' ठरवलाय!"

"आणि मला तो दिसतच नाहीये," तो म्हणाला. "मग दोघांनी मिळून काय करायचं?"

बाहेर भिमाजीकाका कोणालातरी "हनुवटी खाली, अजून जरा" सांगत होते. मी लॅपटॉप मिटला आणि निघाले. वाटेत संसरी नाक्यापाशी डोळ्यांत पाणी आलं म्हणून गाडी बाजूला घेतली. एवढं वाईट वाटायचं काय कारण? शेवटी मुद्दा तांत्रिक होता.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पप्पा काल रात्रीच दादरला गेले. आम्ही तिघी सकाळी विहारात गेलो. सगळे पांढऱ्यात. उंच खिडकीतून ऊन सरळ बसलेल्या लोकांच्या खांद्यांवर येत होतं, मेणबत्त्या पेटत होत्या, वंदना चालू होती. खरं तर कॅमेरा ऊन आणि सावली एकदम किती पकडतो, ती डायनॅमिक रेंज तपासायला याहून चांगली जागा नाही, पण मला कॅमेऱ्याचा विचार आलाच नाही. नंतर लक्षात आलं, की दारातून आत येणारा प्रत्येक पांढरा सदरा मी बघत होते. चाचणीची सवय लागली.

त्याचा फोन नाही. माझाही नाही.

रविवार, ८ डिसेंबर

दिवसभर काही केलं नाही. 'ख' उघडून ठेवला होता.

सोमवार, ९ डिसेंबर

उदयपूरला तो कळवेल तेव्हा कळवेल, निदान मी माझ्यापुरता तरी कॅमेरा घ्यावा, असं सकाळी ठरवलं. राखीला म्हटलं, आता सांग, 'ख' कुठला?

"पांढऱ्या टिकलीचा."

म्हणजे पांढरी पट्टी. मी ते कार्ड लॅपटॉपला लावलं. मागवण्याआधी सेटिंग काय होती ते बघून ठेवावं म्हणून फोटोची माहिती उघडली. कॅमेऱ्याचं नाव पांढऱ्या पट्टीवाल्याचं नव्हतं. निळ्याचं होतं. वाटलं, नावातच माझा घोळ होतोय, महिनाभर होतोच आहे. निळ्या टिकलीचं कार्ड लावलं. तेच नाव. तीच वेळ, मिनिट आणि सेकंदासकट. नंबरही तोच. राखीने सेम आहेत म्हणून सांगितलं होतं आणि मी त्याला योगायोग म्हटलं होतं.

मग त्याचा हात आठवला, खट खट. लग्नवाल्याचा हात. त्याने दोन्ही कार्डं एकाच बॉडीत घातली, दोन खणांत दोन, जशी तो हजारदा घालतो. दुसऱ्या कॅमेऱ्याने दुकानाच्याच कार्डावर फोटो काढला, आणि तो मीच उडवायला सांगितला.

'क' आणि 'ख' एकच फोटो आहे. पाठोपाठ काढलेले दोन नाहीत, एकच. आईला दिसलं. त्याला दिसलं. मला एकात सहा मार्क दिसले आणि दुसऱ्यात दहा.

मग ही वही उघडून सत्तावीस तारखेचं पान वाचलं. दोनदा वाचलं. 'क'चा मी कान बघितला, कॉलर बघितली, हनुवटीखालची सावली बघितली. 'ख' मोठा केलाच नाही. संध्याकाळभर मी फक्त त्याला बघत बसले होते. आणि त्याला मी सेन्सर म्हटलं!

मी एवढी मूर्ख असेन असं मला खरंच वाटलं नव्हतं. राखी दारात होती. म्हणाली, "कळलं का?" मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" ती म्हणाली, "फोटोचं मला काहीच माहीत नव्हतं, ताई."

मंगळवार, १० डिसेंबर

सकाळीच कॅम्पात गेले. धुकं होतं, लष्कराच्या बंगल्यांच्या रस्त्यावर झाडंच नव्हती, नुसते बुंधे. गाडी कशी चालवली आठवत नाही. मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही नीट जुळत नव्हतं.

स्टुडिओत भिमाजीकाका एका जवानाला स्टुलावर बसवून त्याची कॉलर सरळ करत होते. मला बघून म्हणाले, "आत हाय. बॅग भरतोय. लय घाई चाललीय त्याची." आणि परत कॉलरकडे वळले.

मागच्या खोलीत संघर्ष चार्जरच्या वायरी गुंडाळत होता. बस म्हणाला नाही.

"दोन्ही फोटो एकच होते," मी म्हटलं. "तू दोन्ही कार्डं एका बॉडीत घातलीस."

"मग? घालतातच. लग्न परत..." तो थांबला. त्याच्या डोक्यात सगळं फिरताना मला दिसत होतं. "म्हणजे मी बरोबर होतो."

"नाही."

"एकच फोटो आहे म्हणतेस आणि नाही?"

"मला वेगळे दिसले. 'क'मध्ये मी कॅमेरा बघत होते. 'ख'मध्ये तुला बघत होते, म्हणून तो चांगला आला." एवढं बोलल्यावर पुढचं अवघड राहिलं नाही. "मला तू आवडतोस, संघर्ष. मला आधी कळलं नाही. आईला कळलं, राखीला कळलं, मला चारशे टक्के मोठं करून पण कळलं नाही. ठरवायला मी उशीर लावत होते, कारण ठरलं की तू रोज भेटायचं कारण संपलं असतं. असं मला आत्ता वाटतंय, गाडीवर येताना वाटलं. कॅमेरा कुठलाही घे. दोन एकसारखे घे, बस. पण जाऊ नकोस."

त्याने वायर खाली ठेवली. परत उचलली.

"सकाळीच त्यांना हो म्हणून कळवलं मी," म्हणाला.

उशीर झाला होता आणि तो मीच केला होता. खोलीत भिंतीवर फोटोमागचे जुने पडदे टांगलेले होते, एकावर हिमालय, एकावर ताजमहाल, आणि मी त्या हिमालयाकडे बघत राहिले.

"त्या दिवशी गच्चीवर," तो म्हणाला, "तू म्हणालीस, काहीतरी चांगलं आठव. मी काही आठवलंच नव्हतं. समोर तूच होतीस."

मग त्याने खिशातून फोन काढला आणि मला दाराकडे हात केला. "तू बाहेर बस जरा. तू समोर असलीस की मला नीट खोटं बोलता येत नाही."

मी बाहेर बाकावर येऊन बसले. मधे प्लायवूडची भिंत आहे, पलीकडचा श्वाससुद्धा ऐकू येतो. काकांनी जवानाला "सरळ बघा" म्हणून सांगितलं आणि ते स्वतः मात्र भिंतीकडे कान करून उभे राहिले.

"हॅलो सर, संघर्ष बोल रहा हूँ, नाशिक से. सर, वो सुबह हाँ बोला था ना... नहीं आ पाऊँगा. नहीं सर, पगार का कुछ नहीं. पगार अच्छा है. घर में शादी निकली है." थोडा वेळ शांतता. "मेरी ही है, सर." परत शांतता, जरा जास्त. "तारीख? तारीख का अभी कुछ नहीं, सर. लड़की को पूछना बाकी है."

काकांनी माझ्याकडे बघितलं. जवानानेही मान वळवून बघितलं. काका त्याला म्हणाले, "साहेब, तुम्ही हलू नका, तुमचं काय नाय यात."

मी उठले, दार ढकललं. तो फोन हातात धरून दाराकडेच तोंड करून उभा होता.

"विचार," मी म्हटलं.